पिशवी

मे महिन्याची दुपार. बडोद्यात कावळासुद्धा
सावली सोडायला तयार नाही,
आणि मी पुराची पिशवी भरायला बसलोय.

शरयू म्हणते, एवढ्यात?
तिचं खोटं नाही. विश्वामित्री आत्ता
पुलाखाली घोटाभर, हिरवी, पेंगुळलेली,
काठावर मगरी, कुणी टाकून दिलेल्या
ओंडक्यांसारख्या.
पण बैठकीत, खिडकीच्या दुसऱ्या गजापाशी
ती रेघ आहे.
दोनदा रंग काढला, तरी पिस्ता रंगातून
ती पुन्हा वर येते,
तेलकट बोट लागलेल्या कागदासारखी.

पिशवी मेहुण्याच्या लग्नातली.
चेन अडकत होती, तिला मेणबत्ती घासली.
मग तीच मेणबत्ती आत टाकली.
टॉर्च, सेल बाहेर काढून.
क्लोरीनच्या गोळ्या. चणे, गूळ, बिस्किटं.
घराचे कागद, आधार, ईशिताचं दहावीचं मार्कशीट,
सगळ्यांच्या झेरॉक्स
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, दोन गाठी मारून.
दोरी. सुरी. जुनं धोतर, कशालाही लागतं.
शिट्टी अण्णांसाठी.
त्यांना ऐकू येत नाही, पण वाजवता येते.
सकाळी त्यांनी ती तीनदा वाजवून पाहिली
आणि विचारलं, वाजली का?

इन्सुलिन आधी भरता येत नाही.
फ्रीजमधल्या डबीवर ईशितानं चिकटवलंय:
'मला विसरू नका.'

गेल्या वेळी पिशवी नव्हती. जिना होता.
पाणी पायऱ्या मोजत आलं, चौथी, पाचवी,
सातवीवर थांबून विचार करत राहिलं.
वर तरुलताबेनच्या दोन खोल्यांत नऊ माणसं,
एक संडास, तीन रात्री खिचडी-कढी.
खाली पार्किंगमध्ये टॉर्च फिरवला तर
दोन लाल ठिपके, स्कूटरच्या हँडलशेजारी.
अण्णा म्हणाले, पाहुणी आलीय, पाट मांडा.
तरुलताबेन हसता हसता रडल्या होत्या.

त्यानंतर पाण्याच्या मोटरचं बिल आलं.
चारशे तीस रुपये. कुणी किती द्यायचे.
एवढ्यावरून चौदा महिने
आम्ही एकमेकांच्या चपलांचा आवाज
जिन्यातून जाईपर्यंत दाराआड थांबतो.

पिशवी भरली. उचलून पाहिली.
जड नव्हती.
मग लक्षात आलं, पाणी आलं
तर ती घेऊन जायचं कुठं,
हे कुठल्याच यादीत नाही.

सतरा पायऱ्या. सातवीवर जरा थांबलो, उगीच.
दार उघडलं. माझ्याकडे नाही,
पिशवीकडे बघून त्या म्हणाल्या, क्यां चाल्या?
म्हटलं, कुठं नाही. इथंच.
पंखा फिरत होता. कुकरची एक शिट्टी झाली.
मग बडोद्याच्या मराठीत, आमच्यापेक्षा सोप्या:
'ती खाली कशाला ठेवायची? पाणी काय विचारून येते?'

शिलाई मशीन आणि गव्हाच्या पिंपामध्ये
त्यांनी पायानंच जागा केली.
तिथं कोपऱ्यात अण्णांची काठी उभी होती,
आम्ही त्या पुरात हरवली म्हणून सोडून दिलेली.
टोकाला नवं काळं रबर.
मी काही विचारलं नाही.
त्यांनीही मोटर काढली नाही.
पाणी दिलं, ते मात्र उभ्यानंच प्यालो.

खाली शरयूनं विचारलं, घेतली?
म्हटलं, ठेवून घेतली.
बिस्किटांची तारीख ऑगस्टची आहे,
सेलही तीन महिन्यांनी पाहावे लागतील.
कॅलेंडरवर पाच तारखेच्या चौकोनात
मी बारीक अक्षरात लिहिलं:
वर जाणे.
आणि त्याखाली, पुसून, पुन्हा:
दोनशे पंधरा.