पंप अजून मिळालेला नाही

नाशिकरोडच्या छापखान्यात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या.
आता बुधवारच्या बाजारात, गंगेच्या काठी,
पोत्यावर मांडलेलं पितळ उचलून बघतो,
भाव विचारायच्या आधी वास घेतो.
रॉकेलचा वास चाळीस वर्षं टिकतो,
एरंडेलाचा त्याहून जास्त.

घरात सत्तेचाळीस दिवे.
मनमाड यार्डातली हातबत्ती, एक काच लाल, एक हिरवी,
सायकलचा कार्बाइडचा दिवा,
सिन्नरच्या विडीवाल्याची चिमणी,
आणि मालतीच्या माहेरची समई,
जी मोजायची नाही, असं तिनं बजावलंय.
म्हणजे सेहेचाळीस.

पाणबुड्याचं सामान दिव्यामुळेच आलं.
भद्रकालीत एका भंगारवाल्याकडे
जाड काचेचा, अंगभर जाळी घातलेला एक दिवा होता.
वात नाही, तेलाला जागा नाही.
मी म्हटलं, हा कसला?
तो म्हणाला, पाण्यातला.
त्या रात्री झोप नाही.

दिव्यामागून शिशाचे बूट आले,
एकेक आठ किलोचा
(मालती त्यांनी मागचं दार अडवते),
बुटांमागून पितळी सुरी,
आणि सुरीमागून, मखमलाबादहून,
रिक्षात मांडीवर तांब्याचा टोप घेऊन
पुतळाबाई बेंडकुळे.

तीन खिडक्यांचा टोप.
शेजारच्यांनी विचारलं, यात काय शिजवणार?

"धरणाच्या दाराशी उतरायचे हे. गाळ, लाकडं, काय काय."
खाली काय दिसायचं?
"ते सांगायचे नाहीत. वर आले की आधी विडी मागायचे."
तिनं भाव सांगितला, मी निम्मा केला, सवयीनं.
ती म्हणाली, बरं.
ते 'बरं' अजून माझ्याकडे आहे,
त्याला चिठ्ठी चिकटवता येत नाही.

तांबट आळीत मोरेश्वरनं टोप मांडीत घेतला,
लाकडी हातोडीनं गोंजारावं तसा ठोकला.
कानापाशी एक पोचा राहिला.
म्हणाला, हा हातोडीचा नाही, पाण्याचा आहे,
मला निघायचा नाही.

आषाढातली दिव्याची अवस.
मालतीनं चिंच-राखेनं सगळे दिवे घासले,
पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडले.
पुतळाबाई आली होती, बोलावलं म्हणून आली.
टोपालाही कुंकू लागलं,
आणि कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे,
एक कणकेचा दिवा आत ठेवला.
तिन्ही खिडक्या उजळल्या.
आतून कुणी तोंड धुऊन बघावं तशा.

मला कौतुक दाखवायची खोड.
म्हटलं, बघा, आटे अजून शाबूत आहेत,
आणि समोरची काच लावून पिळत गेलो.
वर हवेच्या नळीच्या तोंडाला मोरेश्वरचं बूच होतंच.

काच आतून धुरकट झाली.
ज्योत बारकी झाली, मग निळी.

तेव्हा पुतळाबाईचे हात उठले.
नुसत्या हवेत, छातीशी, गोल, गोल,
आधी सावकाश, मग जोरात,
बांगड्या कोपरापर्यंत जाऊन परत येत.
पंपावरचा एक गडी आला नाही की
चाक तीच फिरवायची,
हे मला नंतर कळलं.
त्या वेळी फक्त हात दिसत होते.

मी आटे सोडायला लागलो,
उलटे, मग सुलटे, मग पुन्हा उलटे,
बोटं तुपानं निसटत होती.
काच निघाली.
ज्योत नव्हती, वातीचं टोक तेवढं लाल होतं.
ती वाकली, फुंकर नाही घातली,
नुसतं विचारलं,
"आलात का वर?"

मालतीनं वात पुन्हा पेटवली.
आम्ही जेवलो. पुरणाचं होतं.

आता पंप शोधतोय.
मालेगाव पाहिलं, मुंब्र्याच्या गोदामात जाऊन आलो,
एकानं विहिरीचा पंप गळ्यात मारायला बघितला.
त्याची मूठ कशी होती, लाकडी की लोखंडी,
केवढी जाड, म्हणून पुतळाबाईला फोन केला.
ती म्हणाली, फोनवर कसं सांगू?
रविवारी आली, चहा झाला,
आणि तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले,
माप घ्या म्हणून.