सहीची जागा

देवास नाक्याच्या मागे, वर्कशॉपच्या माळ्यावर
मला एक खोली दिलीय कंपनीनं.
खुर्च्या दोन, टेबल एक, पंखा आपल्याच तंद्रीत.
खाली चाकं काढून ठेवलेले ट्रक
विटांवर टेकून उभे.
ग्रीसचा वास वरपर्यंत येतो,
आणि चाचणीत सापडलेला माणूस
त्याच्या मागोमाग, एकेक पायरी मोजत.

मी डॉक्टर नाही, पोलीस नाही.
त्याची वकील तर नाहीच,
आणि पगार देणारे पोतनीस साहेब समजतात
तशी त्यांचीही नाही.
मी कोणाची, विचाराल तर
मानपूरच्या घाटात रात्री अडीच वाजता
पुढे चाललेल्या एका व्हॅनची,
जिच्या मागच्या सीटवर कोणीतरी
चपला काढून झोपलंय.
त्यांना माझं नाव ठाऊक नाही.
ते कधी ठाऊक होऊ नये,
एवढंच माझं काम.

गेंदालाल पंवार. वय बेचाळीस. राहणार जावदकडचा.
वीस वर्षं ए. बी. रोड.
पहिल्या दिवशी तो भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलला.
"डोडा म्हणजे नशा थोडीच, बाई साब?
पाहुण्याला चहा विचारतात, तसं आमच्याकडे."
त्याच्या शेजारच्या शेतात माघात पांढरी फुलं यायची,
बोंडांना चिरा द्यायला त्याची आई रोजानं जायची
आणि नखांत काळं घेऊन
मक्याची रोटी थापायची.
तो सांगत होता, मी लिहीत होते:
किती, केव्हापासून, कशाबरोबर.
मग विचारलं, कशासाठी?
"दोन रात्रींचा रस्ता एका रात्रीत कापायचा असतो.
हे कुठं लिहिणार तुम्ही?"

फॉर्मवर तसा रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं.
वर ऑफिसात पोचलेल्या झेरॉक्समध्ये
समास आला नव्हता.

सात महिने.
आधी बारा दिवस वॉर्डात,
डोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया,
हाडं कोणी उखळात घातल्यासारखी.
मग दर गुरुवारी ह्या पायऱ्या.
एका गुरुवारी आला नाही.
पुढच्या वेळी आला तो
बाटली हातात घेण्याआधीच म्हणाला,
"लिहा. पडलो."
मी लिहिलं.
मोजणी पुन्हा एकपासून.

दिवाळीच्या तोंडावर पोतनीस साहेब स्वतः वर आले,
धापा टाकत, जलेबीचा पुडा घेऊन.
अकरा गाड्या उभ्या आहेत, म्हणाले,
आणि रिपोर्ट तर स्वच्छ आहेत ना?
रिपोर्ट स्वच्छ होते.
सहीच्या जागी पेन्सिलीनं फुलीसुद्धा केलेली होती.
मी जलेबी खाल्ली.
बोटांना पाक लागलाय, म्हटलं, उद्या बघू.

मी एकदा सही केली होती.
त्याबद्दल इथं लिहिणार नाही.
त्या व्हॅनचा रंग मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी गेंदालालला चहा ओतायला सांगितला.
हात मी बघत नाही,
तासाभरापुरता हात कोणीही सावरतो.
मी बघते, बशी भरत आली की
माणूस कुठं थांबतो.
तो बराच आधी थांबला.
म्हणाला, "घाट नको अजून.
गावातली गाडी द्या, किराण्याची, दिवसाची.
मला झोप येते आता, बाई साब.
रात्री दहालाच.
सांगायला लाज वाटते."

झोप येते, असं मी लिहिलं.
ह्या वेळी कागदाच्या मधोमध.
खाली अटी: घाट नाही, रात्र नाही,
दोन वर्षं न सांगता चाचणी, कोणत्याही दिवशी.
आणि मग सही, फुलीच्या थोडी बाजूला.
अर्धाच ड्रायव्हर दिलात, साहेब म्हणाले.

राजेंद्रनगरात माझ्या खिडकीपासून
रस्ता काही लांब नाही.
उतार यायच्या आधीच जो गिअर खाली टाकतो
त्याच्या गाडीचा आवाज जरा कण्हल्यासारखा होतो.
बाकी आवाज मी ऐकत पडते.
तो आला, की कूस बदलते.