तुमचं ठिकाण उजवीकडे आहे

तळोद्याच्या क्वार्टरमध्ये, रात्री साडेदहाला,
बदलीचा कागद उशीखाली ठेवून
आम्ही दोन बोटांनी धुळं ताणलं.
ताणलं की गल्ल्या फुटत,
सोडलं की सगळं शहर एका टाचणीखाली.
पांझरा निळीशार दिसत होती.
जयमाला म्हणाली, एवढी निळी कधी होती हो?
मी म्हटलं, नकाशाला वाळूचा रंग ठाऊक नसेल.

मग चाळण्या लावल्या.
भाडं सहा हजारांच्या आत. दोन खोल्या. पूर्वेचं दार.
पार्किंग नको, सायकलच आहे.
पाणी कितव्या दिवशी येतं, याला चौकट नव्हती.
मे महिन्यात पश्चिमेची भिंत
रात्री दोनलाही तव्यासारखी असते का, यालाही नव्हती.
स्टँडपासून सात मिनिटं, असं लिहिलेलं.
कुणाची सात? तिच्या गुडघ्यांची की माझ्या?

फोटोत हॉल लग्नाच्या कार्यालयाएवढा,
फक्त कडेचा पंखा लांबट झालेला, अंड्यासारखा.
कपाटाच्या आरशात दलाल स्वतःच उभा,
फोन डोळ्यांपुढे,
एका पायात चप्पल, एक पाय मोकळा.
त्याच्यावर आम्ही बराच वेळ हसलो.

नंतर गल्लीत उतरलो, पलंगावरूनच.
तिच्या अंगठ्याने एकेक घर पुढे.
तिथे कायमची दुपार.
एक बाई खाटेवर बिबड्या वाळत घालताना थांबलेली,
चेहरा कुणी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा.
कुत्र्याचा मात्र स्पष्ट.
आठवडाभर रोज जेवणं झाली की
आम्ही त्या गल्लीत फिरून यायचो.
हिरवं फाटक पाठ झालं.
गव्हाची कोठी कुठे बसेल, तेही ठरलं.

रविवारी खरंच गेलो.
फोनमधली बाई म्हणाली, तुमचं ठिकाण उजवीकडे आहे.
उजवीकडे उघडी गटार, पलीकडे बांधकामाची खडी.
ओट्यावरचा म्हातारा आमची मान कुठे वळते ते पाहत होता.
कोनं घर धुंडी राह्यनात?
मी फोन पुढे केला.
त्याने चष्मा वर सरकवून पाहिलं, परत दिला,
आणि हनुवटीनेच फाटक दाखवलं.

मालकांनी फ्रीजचं पाणी दिलं. पोस्टात? वा, सरकारी.
मुलं किती? एकच? बरं.
आडनाव?
बागुल.
कोणते बागुल?

पंखा फिरत होता, तो लांबट नव्हता.
जयमालाने ग्लास टेबलावर ठेवला,
पाणी निम्मं तसंच.
मी सांगितलं.
ते म्हणाले, असं आहे ना, भाच्याने कालच शब्द टाकलाय.
रात्री पाहिलं: घर उपलब्ध.
सध्या चौघे बघत आहेत.

पण त्याआधी, फाटकाबाहेर,
ती बाई होती. बिबड्यांची.
तिला चेहरा होता, आणि वरच्या ओठावर तीळ.
तिने न विचारता एक बिबडी मोडून हातावर दिली,
तिखट, अजून मधे ओली.
घर नही भेटनं का?
मन्ही नणंदन्या दोन खोल्या शेतस. चला, मी दखाडस.
चालता चालता आडनाव तिनेही विचारलं.
सांगितलं.
हां, म्हणाली, आणि चालत राहिली.

आता आम्ही तिथेच राहतो.
नकाशात इथे करडी मोकळी जागा आहे,
रस्ता अलीकडेच संपतो.
निळा ठिपका रात्री त्या करड्यात थरथरत असतो,
आम्ही तिघं झोपलेले असतो तेव्हाही.
एकदा मी नाव टाकायला घेतलं.
इथे नाव लिहा, असं म्हणत रेघ लुकलुकत राहिली.
जयमाला म्हणाली, ठेव तो फोन.
उद्या मंगळवार, साडेतीनला नळ येतो,
आणि मोटर लावल्याशिवाय वर चढत नाही.