एका पायाची चप्पल

शनिवारी शिफ्ट सुटली तसा
उद्यमनगरातून थेट शाहूपुरीत, अत्तारांच्या दुकानात.
खिशात दोन हजार, त्यातले चारशे गॅसवाल्याचे,
आणि लेथवरून चुकून सोबत आलेला व्हर्नियर.

"मोनोपॉड दाखवा."
"कितीपर्यंतचा?" दिलावरभाईंनी विचारलं
तोंडाकडं न बघता, माझ्या चपलांकडं बघत.

पहिला सातशेचा. मुठीला स्पंज, पाच घड्या,
खोक्यावर ठळक: पाच किलो पेलतो.
शेवटची नळी व्हर्नियरमध्ये धरली,
साडेनऊ मिलिमीटर.
वरून नुसता तळहात ठेवला
तर उसाच्या शेंड्यासारखा डुलला.

दुसरा अकरा हजारांचा, कार्बनचा.
"हातात घ्या की, बघायला पैसे पडत नाहीत."
घेतला. काही घेतल्यासारखं वाटलंच नाही.
अकरा हजारांत धाकटीची अकरावीची फी बसते,
वर एक दप्तर.
दोन्ही हातांनी परत ठेवला,
दुसऱ्याचं तान्हं ठेवावं तसा.

मला काय पाहिजे ते मला ठाऊक होतं.
रविवारी पेठेची मॅच, गोलपोस्टामागं उभं राहायचं,
गळ्यात मिणचेकरांची उसनी लेन्स, दीड किलोची.
शेवटच्या दहा मिनिटांत डावा हात थरथरायला लागतो
आणि गोल नेमका तेव्हाच होतो.
गेल्या मोसमातले असे चार गोल आहेत माझ्याकडं,
चारी भुतांनी मारलेले.
तिपाईला तिथं जागा नाही.
हलगीवाला, पोरं, पाण्याच्या पिशव्या,
यांच्यातून एक पाय रोवता आला तर आला.

तिसरा कपाटावरून निघाला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"जयसिंगपूरचा एक जण लग्नं काढायचा ह्याच्यावर.
आता दुबईत फोर्कलिफ्ट चालवतोय."
ॲल्युमिनियम, चार घड्या, खटक्याची कुलपं.
तळची नळी सोळा मिलिमीटर.
खटके उघडले, लावले. उघडले, लावले.
मधल्या जोडात जरा खेळ होता,
एक पातळ वॉशर, संपला विषय.
पूर्ण उघडून उभा केला, कॅमेरा धरला,
डोळा बरोबर डोळ्याला लागला.
मान वाकवावी लागली नाही.

तळाचं रबर मात्र नव्हतं.
"म्हणून तर चौदाशे."
"बाराशे."
"भावा, पाय नाही म्हणून कमी केलेत,
आता त्याच पायाचे परत कमी करतोस व्हय?"
साडेबाराशेला तुटलं.

तिथून चप्पल लाईनला, परशुराम व्हटकरांकडं.
"एका पायाची चप्पल कराल?"
त्यांनी आधी माझे दोन्ही पाय मोजले, नजरेनं.
मग नळी बघितली.
हसले नाहीत.
म्हशीच्या कातड्याचे तीन थर गोल कापले,
आरीनं टोचले, वादीनं शिवले,
नळीवर चढवून ठोकताना विचारलं,
"करकर वाजायला पाहिजे का?"
"नको. मॅच आहे."
पैसे विचारले तर म्हणाले,
"जोडाचा भाव सांगतो मी.
एकाचा अजून कुणी विचारला नव्हता."
आणि चहा सांगितला, दोन कप.

रविवारी कळलं, हा एकटा उभा राहत नाही.
सोडला की पडतो.
माझे दोन, त्याचा एक,
असे मिळून तिघं उभे राहिलो उन्हात.
पाहुण्यांनी पहिला गोल केला:
गोलकीपरच्या हातमोज्याची उसवलेली शिवण
टाक्यान् टाका मोजता येते फोटोत.
दुसरा आमच्या पेठेचा, अगदी शेवटी.
तेव्हा मी उडी मारली.
फोटो आला तो आभाळाचा,
कोपऱ्यात कुणाचा तरी फेटा.

रात्री दारात चपला काढल्या,
त्याला शेजारी भिंतीला टेकवला.
तळ ओल्या फडक्यानं पुसला.
माती होती, चुन्याची रेघ होती थोडी.
मिणचेकरांची लेन्स उद्या परत द्यायची आहे.
गॅसवाला येऊन गेला म्हणे.