जगात जर्मनी

रविवारी तिघांची मतं घ्यायची ठरली,
स्टेशन रोडच्या रसवंतीत, पंख्याखालचं बाकडं धरून.

तस्कीन नांदेडहून सकाळच्या पॅसेंजरनं आली.
तिचं मत अमेरिका. तिथं सगळे नट येतात,
इल्मा स्वतः येते, म्हणजे इल्माचं काम करणारी बाई,
आता सत्तरीची. सही फुकट, फोटोचे पैसे वेगळे.
गुणवंत पूर्णा जंक्शनचा; त्याला जपान.
संमेलन एक दिवस, बाकी सहा दिवस
तिथल्या गाड्या बघत फलाटावर बसायचं म्हणतो.

मी म्हणाले, जर्मनी.

दोघं हसले. रसवंतीवालाही हसला, ओळख ना पाळख,
चरकात ऊस दुमडून घालत म्हणाला,
'जगात जर्मनी, भारतात परभणी.
मग तिकडं कामून जायलाव, ताई?'

कामून.
पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या जमादारानंही हेच विचारलं होतं.
संमेलनाला, म्हणाले.
'साहित्याचं का?'
मी हो म्हणून टाकलं, त्यानं पर्यटन लिहिलं,
आणि चहा पिऊन गेला.

खरं असं आहे, की मी सातवीत होते,
शाळा सकाळची, दुपारी साडेतीनला लाईट असली तर इल्मा असायची.
यान भरकटलेलं, नकाशा जळालेला,
आणि ती हिंदीतून बोलायची, घोगरी, सर्दी झाल्यासारखी,
'डरो मत, अँधेरा भी नापा जा सकता है.'
तिचे ओठ मिटायचे
तरी एक शब्द मागं उरायचा.
आई म्हणायची, टीव्ही बिघडला.
माझा सगळा जीव त्या उरलेल्या शब्दात.

पुढं रक्तपेढीत नोकरी लागली, मोबाईल आला,
एका रात्रपाळीत तिचा खरा आवाज ऐकला.
पातळ, स्वच्छ, ओठांना चिकटून बसलेला.
कुणी परकी बाई माझ्या बाईच्या अंगात शिरल्यासारखं वाटलं.
दोन मिनिटांत बंद केलं
आणि पिशव्यांवर गट लिहीत बसले.

तर तस्कीन, तुझ्या अमेरिकेत तो खरा आवाज भेटेल.
जर्मनीत म्हणे सगळंच डब करतात, आपल्यासारखं.
म्हणजे त्या हॉलात चारशे माणसं असतील
ज्यांची इल्मा तिसऱ्याच कुणाच्या घशातून बोलली,
ज्यांच्याही घरात कुणीतरी म्हटलं असेल, टीव्ही बिघडला.
आणि पाहुणी म्हणून ते त्या घशालाच बोलावतात,
नटीला नाही. शाल देत नसतील,
पण खुर्ची देतात, पाणी देतात, नाव घेतात.

आपल्या बाईचं नाव शेवटच्या पाट्यांतसुद्धा नव्हतं.
मी थांबून थांबून वाचल्यात त्या.

गुणवंत गप्प झाला. मग म्हणाला, गाड्या तिथंही बऱ्या असतील.
तस्कीननं ग्लास खाली ठेवला,
'तरी मी अमेरिकाच म्हणणार,' म्हणाली,
'मला एकदा तिचा चेहरा बघायचाय.'
बरोबर आहे. जिचा तिचा.

भिशी लागायला अजून सव्वा वर्ष आहे.
थंडीचं काय करायचं, जेवणाचं काय,
हे तेव्हा बघू. एकच गोष्ट ठरवून ठेवलीय:
माईक फिरत फिरत माझ्यापर्यंत आला
तर मी ते वाक्य हिंदीतच म्हणणार.
कळणार कुणालाच नाही.
मी ओठ मिटेन,
आणि बघेन, कोण कोण अजून ऐकतंय.