चौतीस इंच

वडशाला नाटक कंपनीच्या हापिसात मालकानं
आधी मला पाहिलं, मग खांद्यावरच्या पेटीला,
मग परत मला.
"पेटी तुयी हाये, का तू पेटीची?"
चार फूट नऊ. चपलेसकट.
पेटीत चौतीस इंचांची तार, साडेचार किलो लाकूड,
नागपूरच्या कोण्या पोराची हौस फिटली
म्हणून अर्ध्या भावात मिळालेला बास.

तेव्हा शालिक नन्नावरे वाजवायचा.
सहा फूट एक. पंजा असा
की धानाचं पोतं एका हातानं कानाला धरून उचलावं.
त्यानं माझा हात आपल्या तळव्यावर ठेवला,
कासार बांगडीचं माप बघतो तसा बघितला,
म्हणाला, "दुर्पता, पहिल्या पट्टीवरून चवथीवर
तुयी करंगळी नाही पोचत बाई.
तू आर्गन शिक."

खोटं नव्हतं ते.
करंगळी अलीकडेच लोंबायची,
बोरीच्या फांदीला पोरगं लोंबतं तशी.
मनगट सुजलं. आईनं हळद बांधली,
"भांडे घासून झालं का?" मी हो म्हटलं.
त्यात बासची मान जड, सारखी जमिनीकडे कलणार,
तिला सावरू, का सूर धरू?

आधी पट्टा बदलला.
फवारणी पंपाचा लावला, रुंद,
औषधाचा वास अजून गेला नाही त्याचा.
बास पोटावरून उचलून छातीशी घेतला.
ढोलकीवाला हसला, "लेकरू पाजतेस का काय?"
हस बाबा.
तिथंच हात पोचत होता.

मग रोवणी लागली.
गुडघाभर चिखल, ओळीत अकरा जणी,
आणि नेमकं कधी ते सांगता येत नाही,
बहुतेक तिसऱ्या बांधीत, शिदोरी सोडायच्या आधी,
दिसलं, की कोणीच हात लांब करत नाही.
चार रोपं खोचायची, पाय मागं.
चार रोपं, पाय मागं.
एवढी थोरली बांधी,
आणि एकीचाही हात बांधीएवढा नाही.

त्या रात्री बोटं ताणली नाहीत.
पंजाच चालवला.
अंगठा सैल सोडला, मानेमागून सरकू दिला.
बोट पोचत नाही तिथं हात जातो.
फक्त वेळेवर जायचं.
उशीर झाला तर तबला माफ करत नाही.

दिवाळी झाली, नाटकं सुरू झाली,
आणि शालिकची पाठ बसली.
अकरा हंगाम तो स्टेजपुढच्या खड्ड्यात
रंगाच्या डब्यावर घडी होऊन बसलेला,
कारण ताठ झाला की मागून ओरडा,
"ए लंब्या, डोस्कं खाली!"
मी तिथं उभी राहून वाजवते.
डोस्कं कोणाच्याच आड येत नाही.

त्याला भेटायला गेले तेव्हा विचारलंच,
उंचीनं फरक पडतो का रे?
कंबरेचा पट्टा आवळत, तोंड वाकडं करत तो म्हणाला,
"पडते ना. कोनाले कुठी दुखते, थे ठरते."
मग माझा डावा खांदा त्यानं दाबून पाहिला,
मी कळवळले तसा हसला,
आणि चहा सांगितला.

काल मंडईची रात्र होती.
तिसऱ्या अंकात नायिका मरते,
पहाटेचे साडेतीन, तनशीवर चादरी पांघरून गाव बसलेलं.
तिथं सगळ्यात खालचा सूर लागतो.
तो उघड्या तारेचा.
डावा हात त्याला लागतच नाही,
लहान असो, मोठा असो, खिशात असला तरी चालतो.
मी तार सोडली
आणि खड्ड्याच्या काठावरची एक बाई
रडता रडता थांबली,
बसल्या जागची चटई उचलून
खाली बघू लागली,
काय हललं म्हणून.