वाटणी

रंगाचा डबा एका बाजूने फुगला होता.
उपडा केला, थोपटला, सोनटक्का हलेना.
शेवटी पत्राच कापला.
आत माती अशी उरलीच नव्हती,
नुसते कंद, एकमेकांच्या खांद्यावर चढलेले,
आल्यासारखे. वासही तसाच.

सुरी कुठून घालावी कळेना.
तळमजल्यावरच्या राऊळबाई म्हणाल्या,
डोळा बघ आधी.
दर तुकड्याला एक तरी डोळा पाहिजे.

आईची भांडुपची खोली
दादानं आणि मी तासाभरात कापली होती,
स्टॅम्पपेपरवर.
डोळेबिळे कोणी बघितले नव्हते.

एक तुकडा राऊळबाईंना.
एक इथेच, चारकोपला, फुटक्या टबात.
तिसरा ओल्या पेपरात गुंडाळून
मोरीच्या कट्ट्यावर ठेवलाय.
मुलुंडला द्यायचाय.

आज चौथा दिवस.
पेपर सुकला की
पुन्हा भिजवते.